तिसऱ्या हाकेची ओ

मी मूळचा नशिराबादचा, बाप मजूर, चौथीला शाळा सुटली, पण गळा मोठा म्हणून जळगावला सरकारी घरं वाटायच्या हापिसात शिपाई लागलो. काय सांगू तुम्हाला, बठ्ठा जन्म हाका मारण्यात गेला. चिठ्ठीत ज्याचं नाव निघालं त्याला अंगणात तीनदा पुकारायचं, तिसऱ्या हाकेलाही ओ नाही आली तर नाव खोडायचं, आणि घर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला. साहेब कडक, वशिला घेऊन आलेल्याला दारातूनच वाटेला लावायचे.

घरं पिंप्राळ्याकडे बांधलेली, तिकडे तेव्हा नुसती शेतं होती बघा. त्या साली प्रतीक्षा यादीत पहिला मीच. गळकी भाड्याची खोली, दोन पोरी, आणि रुक्मा, माझी बायको, सारखी म्हणे एक तरी नाव खोडलं जाऊ दे देवा.

पुकारायच्या दिवशी बठ्ठे हजर निघाले. शेवटचं नाव कौसाबाई. एक हाक, दोन हाका, कोणी नाही. तिसरी मी, खोटं कशाला बोलू, हळूच मारली. तर कानामागून म्हातारीचा आवाज, शे भाऊ, मी शे, म्हणजे आहे मी. वळून बघतो तर मागे भिंत! साहेब विचारतात काय रे, ओ आली का, आणि फाटकाशी रुक्मा मान हलवतेय, नाही म्हण, नाही म्हण. मी म्हटलं आली साहेब.

महिनाभर रुक्मा माझ्याशी बोलली नाही. कौसाबाईची पोरगी चौथ्या दिवशी लेकरू काखेत घेऊन आली, म्हणे आई त्याच दिवशी पहाटे वारली हो, शेवटपर्यंत म्हणत होती माझं नाव पुकारतील. नाव खोडलेलं नव्हतं, म्हणून वारसाला घर मिळालं.

दोन-तीन वर्षांनी माझंच नाव निघालं, आणि आम्ही दोघं एरंडोलला सासऱ्याच्या दहाव्याला. येताना एसटी बंद पडली. पोचलो तर अंगण रिकामं. मेलो म्हटलं, पायरीवर बसून रडलो हो मी. नवा शिपाई म्हणे नाना, रडता काय, तुमच्या आईनं दिली ना ओ, दिसली नाही गर्दीत, पण म्हणाली, शे भाऊ, तो शे.

माझी आई मी पाळण्यात असताना गेली. अशी ओ देणारी म्हातारी मी एकदाच ऐकली होती, त्याच अंगणात.

तेच हे घर. रुक्मा वारली, पोरी सासरी, मी एकटाच. मघाशी तुम्ही हाक मारली तेव्हा मी मागे नळावर होतो, काही ऐकलं नाही. तुम्ही म्हणता आतून बाईमाणसानं ओ दिली, म्हणून आत आलात. असू द्या, घाबरू नका, चहा घ्या. तिचंबी घर शे.