मधलं सरांचं

अरे थांबा, थांबा, बसा खाली, मोबाईल ठेवा बाजूला, आज दुपारी माझ्या ताईचं काय झालं ते आधी ऐका, नाहीतर मी इथेच फुटेन! आत्ता घरून येतोय. ती टेबलाशी बसलीय, समोर लॉगबुक उघडं, म्हणजे केलेल्या ऑपरेशनांची वही, आणि खुर्चीच्या दांडीला दोरा बांधून गाठी मारतेय. गाठ मारते, कापते. मारते, कापते. आईने विचारलं, "जेवतेस का गं?" तर वर न बघता हात पुढे करून म्हणते, "कात्री." आता बोला!

ताई म्हणजे आमची सर्जन. होणारी. तेरा वर्षं होणारीच आहे बिचारी! तेवढ्यात मी शाळा संपवली, कॉलेज संपवलं, दोन नोकऱ्या सोडल्या, एकीने मला सोडलं... आणि ताई? ताई शिकतेय! आमचा मामा येतो, बूट काढायच्या आत सुरू. "काय डॉक्टरीणबाई, संपलं का शिक्षण?" ही सांगते, मामा, आधी साडेपाच वर्षं डॉक्टर व्हायला, मग तीनदा प्रवेश परीक्षा, मग कुठे सर्जरीला जागा मिळाली, आता हे शेवटचं वर्ष... मामा मान डोलावतो आणि म्हणतो, "म्हणजे आमचं पोट दुखलं तर अजून दुसरीकडेच दाखवायचं." मामा आहे की काटा?

आणि एवढं करून शिकली काय? तुम्हाला सांगतो, उघडायला आणि शिवायला! कारण तिचे सर. सरांची पद्धत अशी, की ऑपरेशनला उभे राहिले की मोठ्या प्रेमाने सुरी ताईच्या हातात. "घे, आज तूच कर." ही हरखते, कातडी कापते, पोट उघडते, आता खरं काम येणार, की बरगडीत सरांचं कोपर. "बाजूला हो." की सर आत, ही बाहेर! मग दोन लोखंडी आकडे धरून पोट फाकवून उभं राहायचं आणि सरांच्या काखेतून दिसेल तेवढं बघायचं. झालं की सर हातमोजे काढत निघाले. "घे, शिव." तीनशे पोटं, अरे! तीनशे उघडली, तीनशे शिवली. मधलं सरांचं!

बरं, तिच्या परीक्षेचा नियम असा, की लॉगबुकात निदान एक ऑपरेशन पहिल्या कापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत स्वतः केलेलं पाहिजे. एक! सरांच्या सहीने! नाहीतर परीक्षेला बसायचं नाही, वर्ष गेलं. आणि फॉर्मची शेवटची तारीख उद्या. हिच्या वहीत काय? मदतनीस, मदतनीस, मदतनीस, तीनशे वेळा मदतनीस. लग्नाच्या अल्बममध्ये करवली असते ना, सगळ्या फोटोत, सगळ्यात कडेला? तशी!

घरी मात्र प्रॅक्टिस चालू. माझ्या उशीची तीन ऑपरेशनं झाली. एकदा मी सोफ्यावर झोपलो होतो, उठतो तर पॅंटचा खिसा शिवलेला. आतून!

तर गेला सोमवार. सकाळचा राउंड. सर वॉर्डात, मागे सगळी शिकाऊ मंडळी, आणि सर ताईला फाडतायत. "तेरा वर्षं झाली आणि पोटावर हात कुठे ठेवायचा कळत नाही? तुझ्यापेक्षा तो झाडूवाला बरं निदान करेल!" बोलता बोलता सरांनी स्वतःच्याच पोटावर हात ठेवला. सगळ्यांना वाटलं, दाखवतायत. पेनं काढली, लिहून घ्यायला लागले. सर वाकले. हेही वाकले! शेवटी खाटेवरचा पेशंट, चार दिवसांपूर्वी ज्याचं अपेंडिक्स काढलं होतं तो, उठून बसला. "साहेब, आधी बेंबीपाशी दुखत होतं का? आणि आता उजवीकडे खाली? मग अपेंडिक्सच ते. माझं सेम असंच होतं."

आणि बरोबर निघालं की हो! सोनोग्राफी, रक्त तपासणी, सगळं झालं. आजच काढायला हवं, फुटलं तर आटोपलंच. आता काढणार कोण? शहरात सर्जन काय कमी आहेत? पण सरांनी एकेकाबद्दल भर सभेत सांगून ठेवलंय, हा खाटीक, तो शिंपी, आणि तो तिसरा तर दोन्ही नाही, त्या दोघांना कसब तरी असतं. कुठल्या तोंडाने जाणार? त्यातल्या एकाला फोन लावला, तर तो म्हणे, "येतो की! किती वर्षं वाट बघतोय!" सरांनी फोन ठेवला. घाम फुटला. मग आपल्याच पोरांकडे नजर फिरवली... आणि तेव्हा त्या माणसाच्या लक्षात आलं, अरे, यांना तर फक्त उघडता येतं आणि शिवता येतं!

मधलं सरांचं ना! आणि सर तर टेबलावर!

ताई सगळ्यात सीनियर. तिला म्हणाले, "तू कर. पण मी जागा राहणार." मग पाठीच्या कण्यात सुई देऊन छातीखालचे सर बधिर केले, वरचे जागे. मध्ये हिरवा पडदा. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई ताईच्या कानात म्हणाल्या, "सांग गं, पूर्ण झोपवू का याला? मला आवडेल." तर आमची ही सद्गुणाची पुतळी म्हणते, "नको मॅडम, बोलू देत. मला सवय आहे."

घेतली सुरी. कापलं. उघडलं. छान, रेषेत. आणि मग, तुम्हाला सांगतो, उघडून झाल्याबरोबर ही बाई सवयीने बाजूला झाली! सरांना जागा द्यायला! आकडे हातात घेऊन, मान तिरकी करून उभी! सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, कुठे चाललात?" "सर येतील ना आता." "अहो, सर खाली आहेत! तुम्ही त्यांच्या आत आहात!"

पडद्यापलीकडून आवाज, "काय झालं? थांबलात का?" "काही नाही सर, मधलं आलं." मग आयुष्यात पहिल्यांदा सर म्हणाले, "मग कर ना, बाई!"

आणि केलं तिने! तीनशे वेळा काखेतून बघितलेलं सगळं हातात उतरलं. पण सर गप्प बसतील? छताच्या चकचकीत दिव्यात त्यांना स्वतःचं पोट दिसत होतं. "डावीकडे! अगं, डावीकडे जा!" "सर, दिव्यात उलटं दिसतंय." "मला शिकवू नकोस! बाजूला हो!" आणि चादरीखालून हात बाहेर! सिस्टरने चापट मारून आत घातला. "हात आत ठेवा सर, धुतलेला नाहीये." बावीस मिनिटं. अपेंडिक्स बाहेर, फुटायच्या बेतात होतं. एक थेंब जास्त रक्त नाही. ताईने शिवलं, आणि तुम्हाला सांगतो, बाहेर येऊन जिन्यात बसून इतकी रडली, की सरांच्या बायकोला वाटलं, गेले.

असो. सर ठणठणीत. आज दुपारी ही लॉगबुक घेऊन सरांच्या खोलीत गेली. आई घरी फोन हातात घेऊन बसलेली, मामालासुद्धा कळवून झालेलं. सरांनी पेन काढलं, सावकाश लिहिलं, सही केली, वही मिटून दिली. हिने कॉरिडॉरमध्ये येऊन उघडली.

रुग्ण, सर. सर्जन... सर! मदतनीस, ताई!

स्वतःच्या पोटाचे सर्जन स्वतःच! ही तशीच मागे फिरली. "सर, हे... तुम्ही तर टेबलावर होतात." सर म्हणतात, आणि राग नाही हं, अगदी समजावून, "अगं, पडल्या पडल्या पूर्ण वेळ मीच सांगत होतो ना? सूचना कोणाच्या? हात तुझे असतील. हात काय, आकडे धरायलाही लागतात." आता डीनकडे जावं, तर सिस्टर आणि भूलवाल्या बाई साक्ष द्यायला तयार आहेत, पण परीक्षा घेणार कोण? सरच! न जावं, तर उद्या फॉर्म बंद, चौदावं वर्ष सुरू.

ही दारात उभी, वही तशीच उघडी धरून. सरांना दया आली. अहो, खरंच आली! खुर्चीतून अर्धवट उठले, डाव्या जांघेवर हात ठेवला आणि म्हणाले, "नाराज होऊ नकोस. हा हर्निया आहे माझा, पुढच्या वर्षी काढायलाच लागेल. तो पूर्ण तुला देतो. मधल्यासकट."

आणि ताई काय म्हणाली असेल? "थँक यू, सर." म्हणाली, वही छातीशी धरली, आणि घरी आली.

नाही, हसू नका, खरं सांगा... तुम्ही काय केलं असतं?