भुताच्या सिनेमावाला सोहारला येतो

ऐका, ओमानमधल्या आमच्या सोहारच्या कारखान्यात सेफ्टीची फिल्म काढायला एक इंग्रज आला होता. मूळचा भुताच्या सिनेमांचा दिग्दर्शक! चहा पिताना मला म्हणाला, "माझी भुतं बघून लोक थिएटरात खो खो हसायचे. शेवटी कामच मिळेना, म्हणून इकडे आलो."

फिल्म तयार झाली आणि कॅन्टीनमध्ये दाखवली. पडद्यावर रिकामी शेड, खुंटीला अडकवलेलं हेल्मेट आणि वर हळूच डोलणारा क्रेनचा हूक. मग एकदम धाडकन आवाज!

चिपळूणचा आमचा सावंत फिटर कधी हेल्मेट घालायचा नाही. तो "आई गं!" करत टेबलाखाली शिरला. सगळे हसले. इंग्रज मात्र धावत गेला, खाली वाकून त्याने सावंतचे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे भरून आले होते.

सावंत गडबडला. मला म्हणाला, "हा साहेब रडतोय का? मी काय केलं?"

"अरे, त्याच्या सिनेमाला आजवर कुणी घाबरलंच नव्हतं. तू पहिलाच."

सावंत टेबलाखालूनच म्हणाला, "मग सांग त्याला, माझे पाय अजून लटपटतायत."