खलनायकाला दहापैकी दोन

विषय : चित्रपटास दहापैकी दोन गुण दिल्याबाबत.
संदर्भ : मुलीच्या साखरपुड्यासाठी काढलेल्या दोन्ही घरांच्या ग्रुपवरचा माझा अभिप्राय.

झालं असं, की नळदुर्गच्या होणाऱ्या व्याह्यांनी ग्रुपवर विचारलं, "नवा पिच्चर पायला का? कसा वाटला?" उभा जन्म टिपण्या लिहिण्यात गेल्यामुळे विचारलेल्याला मुद्देसूद उत्तर द्यायची मला खोड आहे. लिहिलं : 'दहापैकी दोन. कथा आढळून आली नाही. खलनायक दिसताच हसू येते. सबब शिफारस नाही.'

तिसऱ्या दिवशी व्याह्यांचा फोन आला. "अण्णा, ते खलनायक म्हंजे आमचे थोरले भाऊ. दाढी लावली म्हणून वळखलं न्हाय व्हय? आमच्यात त्यांच्या शब्दाबिगर सोयरीक होत न्हाय."

फोन ठेवून मी बायकोला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "हसू आलं तर गप हसायचं की! लेखी कशाला दिलं? पोरीचं जमलेलं मोडलं म्हंजे?"

मजकूर पुसायला गेलो, तर पुसण्याची मुदत संपलेली. आता तो फक्त ग्रुपचा ॲडमिन काढू शकतो, आणि ॲडमिन तेच थोरले भाऊ. शेवटी अभिप्राय काढून टाकण्याचा रीतसर अर्ज त्यांनाच केला.

त्यांनी अर्ज लगेच वाचला. उत्तरात एकच ओळ आली : "नेमकं कुठं हसू आलं?"

सकाळपासून खुलासा लिहितोय आणि खोडतोय. साखरपुडा परवा आहे. अर्ज प्रलंबित आहे.