पडद्यामागचे दोन ॲम्प

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील वादक संघाचे पदाधिकारी, संगीत शाळेच्या मुख्याध्यापिका बाई, माझ्या वहिनी, आणि या सभागृहात जमलेले सर्व वादक, दुरुस्तीवाले, शेजारी आणि मित्रमंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार. आजचे सत्कारमूर्ती समोर पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले आहेत. ते माझे थोरले बंधू. जन्मभर मी त्यांना दादा म्हटलं आणि अरे-तुरे केलं, तेव्हा आज एका संध्याकाळपुरतं अहो-जाहो मला जमणार नाही.

दादाला आता फारसं ऐकू येत नाही, हे आपण सगळे जाणता. म्हणून मी सावकाश बोलते आहे आणि भाषणाची एक प्रत त्याच्या मांडीवर दिली आहे. इथून मला दिसतंय की त्यानं पान उलटलं. दादा, आम्ही अजून पहिल्याच पानावर आहोत.

आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. शाळेतून आल्यावर दादा त्याचं बटण फिरवायचा आणि आम्ही दोघं पायमोजे न काढता जमिनीवर वाट बघत बसायचो. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय आवाज येत नसे. आधी मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसायचा, मग तापलेल्या धुळीचा वास यायचा, आणि मग फार खोलातून कुणाचा तरी आवाज वर यायचा. त्या मधल्या वेळात आम्ही भांडतसुद्धा नसू. सांगण्यासारखं असं त्यात काहीच नाही. पण भाषण लिहायला बसले आणि पहिलं तेच आठवलं.

दादा पुढे गिटारचे ॲम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारी यंत्रं, बनवायला लागला. आतले व्हॉल्व्ह दिव्याच्या बल्बसारखे दिसत, म्हणून गल्लीत त्याला 'बल्बवाले' म्हणत. एका बाईंनी तर जिन्यातला दिवा बदलून द्याल का म्हणून विचारलं होतं, आणि दादानं तो बदलूनही दिला होता. वर्षाकाठी मोजकेच ॲम्प, सगळे हातानं केलेले. लोक विचारत, एवढे महाग का? दादा म्हणायचा, आधी दोन ऐका, मग विचारा.

वादकांनी मला क्षमा करावी, पण शेजाऱ्यांसाठी थोडं सांगते. दोन ॲम्प घ्या. बाहेरची लाकडी पेटी तीच, स्पीकर तोच. फरक एवढाच, की घरातली वीज आतल्या कामाजोगी करून द्यायला एकात व्हॉल्व्ह आहे आणि दुसऱ्यात साधे डायोड. हलकं वाजवाल तर दोघे जुळे भाऊ. जोरात झंकार मारलात की व्हॉल्व्हवाल्याचा दम क्षणभर कमी पडतो, आवाज किंचित बसतो आणि सावरून उठतो. डायोडवाला बसतच नाही, तिथल्या तिथे ताठ उत्तर देतो. कुणाला हा आवडतो, कुणाला तो. दादाला बसून उठणारा आवडायचा. तो म्हणायचा, त्याला वाजवणाऱ्याचा जोर कळतो.

दुसरा एक फरक मला आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरमुळे समजला. ॲम्पमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक लहानसा अंश वायरीनं परत आत आणतात, म्हणजे चूक झाली तर तिथेच सुधारते. आम्ही कविता म्हणायचो तेव्हा सिस्टर आमचा प्रत्येक उच्चार आम्हालाच परत म्हणून दाखवायच्या. त्यांच्यासमोर आम्ही फार नीट बोलायचो आणि मैदानात गेलो की ओरडायचो. ही वायर काढलेला ॲम्प म्हणजे मैदानातल्या मुली. आवाज मोठा, मोकळा, आणि लवकर फाटणारा. तो फाटलेला आवाजही माणसं मुद्दाम मागून नेतात, हे सिस्टरना सांगून पटलं नसतं.

गिटारही त्यांनीच मला शिकवली, प्रार्थनेच्या गाण्यांसाठी. म्हणून दादाच्या कारखान्यात वाजवण्याचं काम माझ्याकडे आलं. कारखाना म्हणजे दोन खोल्या. मधल्या दारात जाड हिरवा पडदा. पलीकडे दोन ॲम्प, एका स्पीकरला जोडलेले, आणि ते आलटून पालटून लावण्याच्या स्विचपाशी वहिनी. अलीकडे स्टुलावर दादा, भिंतीकडे तोंड करून. मी तेच ते स्वर वाजवायचे, वहिनींनी स्विच फिरवायचा, आणि दादानं सांगायचं पहिला कोणता, दुसरा कोणता, कुणाचं काय उणं. या पडद्यातून पार पडल्याशिवाय एकही ॲम्प दाराबाहेर गेला नाही. वहिनी म्हणायच्या, लग्नाला मुलगी बघायला आले तेव्हासुद्धा यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

आणि आता ज्यांच्याविषयी बोलायला मी मुख्यतः उभी आहे, ते आज इथे आलेले नाहीत. आपण सगळे त्यांना तारवाले म्हणतो. ॲम्पच्या पोटात एक जड ट्रान्सफॉर्मर असतो. व्हॉल्व्हचा आवाज त्यातूनच स्पीकरला पोचतो. तो तारेचा थरावर थर देऊन गुंडाळावा लागतो आणि सगळी कला त्या थरांत असते. तारवाले आणि दादा तरुणपणापासूनचे दोस्त. दादाचे सगळे ट्रान्सफॉर्मर त्यांच्याच हातचे. दर आठवड्याला पिशवीतून घेऊन यायचे, चहा प्यायचे, आणि जाताना माझ्या वाजवण्याला नावं ठेवायचे.

काही वर्षांपूर्वी दादा म्हणायला लागला, की हल्लीचे ट्रान्सफॉर्मर दबलेले वाजतात. आवाजावर पांघरूण घातल्यासारखं वाटतं, वरच्या सुरांचं टोक येतच नाही. पडद्यापाशी तो एकेक ट्रान्सफॉर्मर नापास करू लागला. फळीवर त्यांची रांग लागली. मला फरक वाटत नव्हता. पण दादाच्या कानापुढे आपला कान तो काय, असं मी धरून चालले, वहिनींनीही धरलं, आणि स्वतः तारवाल्यांनीही धरलं. बिचारे प्रत्येक नापास ट्रान्सफॉर्मर उलगडून पुन्हा गुंडाळून आणत, आणि तो पुन्हा फळीवरच जायचा.

दबलेपणावर उपाय म्हणून दादा आवाजाच्या बटणावर एक लहानसा कंडेन्सर जोडायचा. आवाजातलं तीक्ष्ण टोक त्यातून आडवाटेनं पुढे निघून येतं. आधी बारीक कंडेन्सर घातला. मग थोडा मोठा. मग आणखी मोठा.

एके दिवशी तारवाल्यांच्या देखत, चार गिऱ्हाइकं बसलेली असताना, दादा म्हणाला, "तुझा हात थरथरायला लागलाय. आता सोड हे काम." तारवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. पिशवीची घडी घातली आणि गेले. ती चार गिऱ्हाइकं चार ठिकाणी बोलली. दादासारखा माणूस म्हणतो म्हटल्यावर बाकीच्या कारागिरांनीही तारवाल्यांना काम देणं थांबवलं. त्यांनी गुंडाळायचं मशीन मोडीत काढलं.

दादानं दुसरा वाइंडर, म्हणजे तार गुंडाळणारा, धरला, तरी त्याचे ॲम्प कानाला टोचतच राहिले. शेवटी बोलायचं धाडस केलं ते आज अध्यक्षस्थानी बसलेल्या गृहस्थांनी. अध्यक्ष महोदय, आपल्याला दादाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून सगळे ओळखतात, पण आमच्या घरी आपण लांब्या आहात. लांब्या आपला जुना ॲम्प उचलून घेऊन आला आणि म्हणाला, दादा, हल्लीचं ऐकवत नाही, कानात सुई जाते. पडद्यामागे जुना आणि नवा दोन्ही लावू या. दादा चिडला, पण स्टुलावर बसला.

मी वाजवलं. थांबले. पुन्हा वाजवलं. दादा भिंतीकडे तोंड करून सविस्तर सांगत होता. पहिला जुना, मोकळा आहे, सगळं टोक दिसतंय. दुसरा नवा, बघ कसा दबलाय, हा नव्या वाइंडरचा माल, तारवाल्यासारखाच. बराच वेळ बोलला. फार सुंदर बोलला. इतकं बारीक वर्णन मी त्याच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल.

मला दोन्ही वेळा एकच ॲम्प ऐकू आला होता. लांब्या माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात वहिनी पडदा बाजूला करून बाहेर आल्या. म्हणाल्या, "अहो, स्विच अडकला होता. दोन्ही वेळा नवाच वाजला."

दादा हसला. म्हणाला, होतं असं कधीकधी. मग त्याचं हसू गेलं. मला म्हणाला, इथल्या ॲम्पवर चाचणीपुरता खटका आहे, त्यानं तो टोकाचा कंडेन्सर लावता-काढता येतो ना, तू एक स्वर धर आणि तोवर लांब्याला तो लावायला आणि काढायला सांग. मी स्वर धरला. लांब्यानं पडद्यामागे जाऊन खटका वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. खोलीत प्रत्येक वेळी काच तडकल्यासारखा फरक पडत होता. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "कर ना. वाट बघतोय मी."

मित्रहो, आम्ही काय काय बदललं होतं त्या काळात? व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलले, वाइंडर बदलला. फक्त जो बदलला होता त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. कसं पाहणार? ज्या पट्टीनं सगळं मोजायचं ती पट्टी आखूड झाली, हे कशानं मोजायचं? डॉक्टर म्हणाले, वरच्या सुरांचं ऐकणं बरीच वर्षं उतरत आलं आहे. दादा स्वतःला ऐकू येईपर्यंत टोक वाढवत होता, आणि ट्रान्सफॉर्मर पहिल्यापासून निर्दोष होते.

दुसऱ्याच दिवशी तो तारवाल्यांकडे गेला. मी सोबत होते. तारवाले दारातच उभे राहिले. दादानं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझा हात थरथरत नाही, हे सांगायला आलास? ते मला माहीत होतं." आणि त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. दादाची मान खाली होती आणि दार लागल्याचा आवाज त्याला आला नसावा, कारण तो पुढेही थोडा वेळ बोलत होता.

कानाचं यंत्र लावून काम चालू ठेव, असं पुष्कळांनी सुचवलं. यंत्रातून त्याला सगळंच पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं येतं. मीटरवर बघून बनव, असंही म्हणाले. मीटर व्होल्ट सांगतो. बसून उठलेला आवाज सांगत नाही. म्हणून दादानं काम थांबवलं, आणि म्हणून आज हा समारंभ आहे. आपण त्याला शाल दिलीत, चांगलं बोललात. काही जणांनी आपल्या भाषणात तो प्रसंग टाळला, तो मायेपोटीच. पण दादानं मला सांगितलं होतं, तू टाळू नकोस. तारवाल्यांचं नाव चार लोकांत खराब झालं, ते चार लोकांतच धुतलं पाहिजे. ते काम मी आत्ता केलं. वादक संघानं यासाठी मला इतका वेळ दिला, सभागृह दिलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. कुणाला हे बोलणं निरोपाच्या दिवशी जड वाटलं असेल, किंवा तांत्रिक गोष्टी सांगताना माझी गफलत झाली असेल, तर तो दोष माझा समजून पोटात घाला. दादाचा समजू नका.

आता त्यानं वाटणी सांगितली आहे, ती वाचते. व्हॉल्व्हचा आणि डायोडचा अशी ॲम्पची जोडी संगीत शाळेला द्यायची. मुख्याध्यापिका बाई, जोडी फोडू नका, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे मुलांना कान कशासाठी असतो ते कळेल. टोचणारे ॲम्प ज्यांच्याकडे गेले त्यांनी ते लांब्याकडे आणावेत. तो कंडेन्सर काढून देईल. त्याच्या मोबदल्यात दादाची सगळी हत्यारं लांब्याला. पडदा वहिनींनी ठेवायचा की टाकायचा ते त्यांनी ठरवावं, दादा त्यात पडणार नाही. फळीवरचे नापास ट्रान्सफॉर्मर इतर ॲम्प बनवणाऱ्या कारागिरांनी न्यावेत, एकेकानं एकेक, पण ते कुणाच्या हातचे आहेत ते पेटीवर बाहेरून दिसेल असं लिहायचं.

त्यातला एक ट्रान्सफॉर्मर घालून दादानं शेवटचा ॲम्प केला आहे. टोकाचा कंडेन्सर त्यात नाही. ऐकण्याचं काम मी आणि लांब्यानं केलं. हा ॲम्प तारवाल्यांचा. त्यांना गिटार येत नाही, तरी तो त्यांचाच. उद्या मी घेऊन जाईन. दादा येणार नाही, तसं त्यानंच ठरवलं आहे. त्यांनी घेतला नाही तर दारात ठेवून यायचा नाही. माझ्या घरी आणायचा. बंद राहिला तर आतले दुसरे कंडेन्सर वाळतात, म्हणून दर महिन्याला थोडा वेळ चालू करायचा. आणि वर्षानं पुन्हा त्यांच्याकडे घेऊन जायचा.