एकाच नावाच्या दोन फायली

भद्रावतीहून चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर बहीणभाऊ बसले होते.

"हेमराज, माझ्या लग्नाच्या जुन्या सीड्या दोन होत्या, नव्यावर उतरवाले दिल्या त्या. स्टुडिओवाल्यानं नवी एकच काऊन दिली?"

"बाई, दोन्हीतल्या फायलीचं नाव एकच होतं. दुसरी कॉम्प्युटरात टाकली, तं पहिली पुसली गेली."

"पुसली? कॉम्प्युटरनं विचारलं नाई?"

"विचारलं म्हणते. त्यानं सगळ्याले एकदम 'हो' दाबलं."

"अरे बापा! मंग जुनी आण ना."

"जुन्या घासल्या होत्या. काम झालं म्हणून तोडून फेकल्या त्यानं."

"पहिलीत बाबा माईकवर बोलले होते रे! माझं नाव घेऊन."

"मले माहीत हाय."

"बाबा गेल्यावर तेवढाच आवाज होता आपल्यापाशी. आईले काय सांगू? ते वाट पाहून राह्यली."

हेमराजनं पिशवीतून नवी सीडी काढून तिच्या हातात दिली.

"दुसरीत काय हाय?"

"पंगत."

"बाबा हायेत तिच्यात?"

"हायेत. तुले भात वाढून राह्यले. तोंड हालते, पण ऐकू नाई येत. वरून गाणं टाकलं हाय."

"घरी गेल्यावर लाव. काय म्हणतेत, ते मले समजन."