मशीनचं बटण

नाही ताई, जळणाच्या त्या थप्पीतल्या पिशव्या नका घेऊ — तो माल परवाच कापलाय, ओला आहे. नुसता धूर होईल. या मांडणीवरच्या घ्या, चार महिने वाऱ्यावर होत्या. दोन तुकडे आपटून बघा — वाजतंय ना खणखण? झालं तर. सगळ्या फांद्याच, अंगठ्यापासून मनगटाएवढ्या — मोठं लाकूड आम्ही घेतच नाही. बागवाले छाटून टाकतात, आम्ही उचलून आणतो, मशीनमधून वीतभर तुकडे पडतात, ते जाळीच्या पिशवीत भरायचे. सहा हव्यात ना? हे बांधताहेत आत. जरा वेळ लागेल — एका हातानं बांधतात, दोरीचं टोक दातात धरून. पाहिलंत वाटतं? सगळेच बघतात, विचारत कुणी नाही.

उजव्या हाताची चार बोटं गेली. बाही अडकली, असं हेच सांगतात सगळ्यांना. डॉक्टरांनाही तेच सांगितलं, मी शेजारीच होते. बाही कसली, ताई — अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता अंगात.

त्याचं असं झालं — माझी आई आजारी होती. भावाकडे तिचे हाल चालले होते, मला तिला इथं आणायची होती, या मागच्या खोलीत. हे म्हणाले, खोलीत माल वाळतोय, हलवू कुठं? एवढा हंगाम सरू दे, मग आणू. वाईट मनानं नाही म्हणाले, खरंच जागा नव्हती. पण आई काही हंगामासाठी थांबली नाही. तिचं सगळं आवरून आले आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. यांच्याशी बोलणं बंद. आठ दिवस एक शब्द नाही — मी बटणाशी, हे मशीनच्या तोंडाशी.

नवव्या दिवशी एक वाकडी फांदी अडकली. यांनी खूण केली, मी मशीन बंद केलं. हात आत घालून फांदी ओढता ओढता म्हणाले, "तुझ्या आईची पेटी घेऊन ये भावाकडून. खोलीत जागा करतो."

पेटीला जागा झाली, ताई.

मी बटण दाबलं. मला वाटलं, हात बाहेर आला — असं मी सगळ्यांना — सगळ्यांना कुठलं, कुणी विचारलंच नाही, मीच मला सांगते. दिसत नव्हता का? दिसत होता की. चार पावलांवर तर होते. घड्याळाचा पट्टासुद्धा दिसत होता.

दवाखान्यात जाताना, गाडीत, तसल्या कळा सोसत हे एवढंच म्हणाले — "बाही अडकली. लक्षात ठेव." बस. तेव्हापासून बोलतात, हसतात, सकाळी चहा करून देतात डाव्या हातानं. एखादी शिवी हासडली असती तर सुटले असते मी. आणि अजून बटणाशी मलाच उभं करतात. मी म्हटलं, दुसरं कुणी ठेवा — ऐकत नाहीत. काही अडकलं की तो उरलेला हात आत घालतात आणि माझ्याकडे बघत राहतात. भीती नसते हो त्या बघण्यात. मग काय असतं, तुम्हीच सांगा —

हे आले.

काही नाही हो, रस्ता विचारत होत्या त्या. — घ्या ताई, सहा आहेत. या आता तुम्ही.