ट्यूनर बिघडला नव्हता

अगं, आमच्या ह्यांचं काय सांगू! मेंडोलिन सुरात लावायला ट्यूनर हवा होता. दुकानदार म्हणाला, "वाद्याला चिमट्याने लावायचा घ्या." ह्यांनी हट्टाने आवाज ऐकून सूर दाखवणारा, माइकवाला घेतला.

घरी त्याचा काटा थरथरायचा थांबेना. बदलून आणला, तरी तेच. दुसऱ्या दिवशी जयंतीच्या उत्सवात ह्यांचा गाण्यांचा कार्यक्रम, आणि मेंडोलिन बेसूर! पुन्हा दुकानात गेलो, तेव्हा मीही सोबत होते. तिथे काटा अगदी स्थिर.

दुकानदार वैतागला. "साहेब, घरी काही आवाज असतो का?"

"छे! एकदम शांत घर आहे."

मी म्हणाले, "अहो, भिंतीपलीकडे कापडाचे चोवीस लूम चालतात ना!"

हे माझ्यावरच खेकसले, "ते तर रोजचेच आहेत! त्यांचा कसला आवाज?"